मांजरी सोडायचा दिवस

आमच्या घरी जेवायची वेळ घड्याळावर नव्हती, लाकूड चिरायच्या आरा-मशीनवर होती. लकडगंजात बाबांची लाकडाची वखार होती. पुढे वखार, मागे दोन खोल्या आणि एक लांबट पडवी, एवढंच घर. सकाळपासून सागाचे ओंडके चिरले जायचे, आणि त्या किंकाळीत आम्ही पाढे पाठ केले, भांडलो, तापानं फणफणून पडलो. पाहुणे आले की चहाच्या पहिल्या घोटाआधीच कपाळ धरून बसायचे. आम्हाला मात्र मशीन ऐकूच यायची नाही. आम्हाला ऐकू यायचं ते तिचं थांबणं. दुपारी पट्टा उतरला, ती हळूहळू कण्हत बंद झाली, की सगळं घर एकदम जागं झाल्यासारखं व्हायचं. आई ताटं मांडायची, मजूर हातपाय धुवायचे, आणि रचलेल्या फळ्यांच्या फटींतून माझ्या आत्याच्या मांजरी एकेक करून बाहेर यायच्या.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर सासरच्यांनी तिला एका पत्र्याच्या पेटीसकट आमच्याकडे आणून पोचवलं होतं, ते माझ्या जन्माच्याही आधी. पडवी तिची. पडवीत तिची बाज, तिची पेटी आणि भुशाची शेगडी. ती शेगडी भरणं हे माझं काम, आणि मला ते मुळीच आवडायचं नाही. मधोमध बाटली उभी धरायची, भोवती लाकडाचा भुसा दाबून दाबून बसवायचा, मग बाटली अलगद वर काढायची. भोक ढासळलं की आत्या म्हणायची, "तुह्या हाताले घाईच लय वं बेबी." मग सगळं पुन्हा. पण एकदा पेटली की ती शेगडी तासन्‌तास मंद जळत राहायची. तिच्यावर आत्या माणसांसाठी आंबाडीची भाजी नाहीतर गोळाभात करायची, आणि सगळं आटोपल्यावर एका काळ्या पडलेल्या भांड्यात मांजरींसाठी सुकट शिजवायची. त्या वासानं आई रोज पदर नाकाला लावायची आणि रोज एकच वाक्य बोलायची, "ताई, शेजारचे काय म्हणत असतील!" शेजारी लाकडंच होती.

तीन मांजरी होत्या, आणि मी कॉलेजात जायला लागले तोवर तिन्ही म्हाताऱ्या झाल्या होत्या. ठकूला दिसत नव्हतं. तिच्या डोळ्यांवर दुधाच्या सायीसारखं पांढरं आलं होतं. मुन्नीच्या मागच्या पायावर कधीकाळी फळी पडलेली, ती लंगडायची. आणि पहिलवान हा बोका, एका कानाचा अर्धा तुकडा गमावलेला. त्यानं तरुणपणी पूर्ण लकडगंज हलवून सोडलं होतं म्हणे, आता त्याच्या तोंडात दात नव्हता. आत्या त्याला भाकर दुधात कुस्करून द्यायची, आणि तो खाताना आवाज करायचा म्हणून त्याला रागवायची. "सासऱ्यावानी मचमच करू नको," म्हणायची. घरात हसू यायचं ते अशा वेळी.

वखार बंद करायचं ठरलं ते एका पावसाळ्यात. कारणं बाबांची होती, त्यात मी जात नाही. जागेचा सौदा झाला, घेणारा दिवाळीनंतर पाडकाम सुरू करणार होता, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जाणार होतो. आईला तर आनंदानं झोप येत नव्हती. ओटा, नळ, संडास आत, आणि भुशाचा कण नाही! कोणती खोली कोणाची हे ती रोज नव्यानं ठरवायची. एक तिची आणि बाबांची, एक दादाची, कारण दादाचं लग्न ठरत आलं होतं. मी आणि आत्या हॉलमध्ये. "बेबीचं काय, ती जाईल सासरी. अन् ताईंचं पाहू मग," असं ती म्हणाली होती. मांजरींना सोसायटीत परवानगी नव्हती. असती तरी काय, जन्मभर भुशात लोळलेली जनावरं तिसऱ्या मजल्यावर ठेवायची कशी! आत्यानं वाद घातला नाही. तिनं एवढंच सांगितलं, "तिघांले घर भेटल्याबिगर मी इथून हालत नाही. मंग तुमी खुशाल माह्या अंगावर भिंत पाडा." बाबांना ठाऊक होतं की ही बाई खरंच बसून राहील.

मशीन बंद झाली त्या आठवड्यात एक गोष्ट झाली जी मला अजून सहन होत नाही. मांजरींना जेवायची खूण म्हणजे मशीन थांबणं. आता ती दिवसभर थांबलेलीच. तर त्या तिन्ही सकाळपासून पडवीत येऊन बसायच्या, आत्याच्या तोंडाकडे बघत. खायला दिलं तरी पुन्हा बघत. शांतता संपतच नव्हती, आणि त्यांच्या हिशोबानं जेवण झालंच नव्हतं. "काहून पाहता रे माह्याकडे," असं म्हणत आत्या चिडायची आणि पुन्हा भांडं शेगडीवर ठेवायची.

मग घर शोधणं सुरू झालं. आजकाल म्हणे मोबाईलवर फोटो टाकला की मांजरांना घरं मिळतात. माझी सून दाखवते मला. मी निरखून बघते. सगळी पिल्लं असतात. एखादी म्हातारी असली की खाली नुसते हात जोडलेले आणि रडके चेहरे, घेणारा कोणी नाही. तेव्हाही तेच होतं. जो तो म्हणायचा, "पिल्लू असतं तर घेतलं असतं वं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे समोरचा तोंड उघडायच्या आधीच मी उठायचे.

संत्र्याच्या दोन लाकडी पेट्या घेऊन, आत पोतं अंथरून, आम्ही निघायचो. न्यायला वखारीचा टेम्पो आणि तो चालवणारा गुलाबभाऊ. वखार बंद झाली तरी उरलेलं लाकूड जायचं होतं, म्हणून तो अजून कामावर होता. इतवारीतल्या एका धान्यवाल्यानं आधी विचारलं, "उंदीर धरते का?" मग बैलबाजारात बसल्यासारखा पहिलवानाचा जबडा उघडून पाहिला. "अरे बाप्पा, ह्याले तर दातच नाई! उंदराले काय हिरड्यानं चावते का?" आत्या म्हणाली, "तुमच्या तोंडात किती राहिले, ते दाखवा आधी." तिथलं काम तिथेच संपलं. महाल भागातल्या मावशीकडे बाळंतीण घरात होती, तिनं आम्हाला उंबऱ्यावरच पाणी दिलं आणि पेट्यांकडे बघितलंही नाही. एका सावजी खानावळवाल्यानं मात्र आनंदानं ठेवून घेतल्या. आम्ही घरी येऊन चहा केला, आत्यानं बऱ्याच दिवसांनी दोन घास नीट खाल्ले. दुसऱ्या दिवशी तोच माणूस पेट्या घेऊन दारात हजर. "माफ करा जी, पण ह्या बसूनच राहते. गिऱ्हाईक मले विचारते, मालक, ही मांजर जित्ती हाये का मेली?" आत्यानं त्याला चहा दिला. तो गेल्यावर मी रडले, रागानं. प्रत्येक वेळी गुलाबभाऊ पेट्या उतरवताना म्हणायचा, "नेतो अन् वापस आणतो, नेतो अन् वापस आणतो. आपल्या लोकायचं काही खरं नाही ताई." तो काही वाईट माणूस नव्हता.

दिवाळी तोंडावर आली, आणि एका रविवारी शेंडेबाई आली. ही पूर्वी आमच्याकडे पोत्यानं भुसा न्यायला यायची. मग नवऱ्याला बुटीबोरीच्या कारखान्यात चौकीदारी मिळाली आणि ती तिकडे गेली. वखार बंद झाली हे ऐकून भेटायला आली होती. पडवीत बसली, ठकू तिच्या मांडीत चढली, आणि आत्यानं काही मागायच्या आधी तीच म्हणाली, "द्या मले, आत्याबाई. हे रातपाळीले जाते, मी एकटीच. मले बी सोबत होते."

"म्हाताऱ्या हायेत वं त्या," आत्या म्हणाली.

"मंग मी कुठं तरणी हाये?"

तिनं मला घर समजावून सांगितलं: पाण्याची टाकी, तिच्या मागची चाळ, शेवटची खोली, दारात पपईचं झाड. ती गेल्यावर आत्यानं माझा हात घट्ट धरला. "हे झाल्याबिगर कोणाजवळ बोलू नको. नजर लागते." आमच्याकडे मुलीची सोयरीक पक्की होईपर्यंत जसं तोंड बंद ठेवतात, तसं. इतक्या ठिकाणी जमता जमता मोडलेलं होतं, तिला वाटलं बोलण्यानंच मोडतं. तिनं बाबांना फक्त "बुटीबोरीले जागा झाली" एवढंच सांगितलं. गुलाबभाऊ त्या दिवशी सुट्टीवर होता, त्याला कोणी काहीच सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी मांजरी पोचवायच्या असं शेंडेबाईशी ठरलं होतं; मी कॉलेजातून येऊन टेम्पोत त्याच्या शेजारी बसून रस्ता दाखवणार होते.

पण बुटीबोरीच्या एका कारखान्याला फळ्या हव्या होत्या, त्यांचा निरोप सकाळीच आला. मी कॉलेजात. टेम्पो भरून दारात गुरगुरत उभा, आणि बाबा म्हणाले, "ताई, आता नाही तर मंग आठ दिवस तिकडे फेरी नाही." आठ दिवसांत आम्ही जागा खाली करणार होतो. आत्यानं घाईघाईनं मांजरी पेट्यांत ठेवल्या. त्यांची ॲल्युमिनियमची ताटली, सुकटीची पुडी आणि तिच्याच जुन्या लुगड्याचा तुकडा, असं गाठोडं बांधलं. तिला वाटलं, कॉलेजला जाताना मी गुलाबभाऊला पत्ता सांगून ठेवला असेल. बाबांना वाटलं ताईनं सांगितला असेल, मांजरी तिच्या. ती रडायला लागली होती आणि गड्यासमोर रडायची तिला लाज वाटत होती, म्हणून ती तोंड फिरवूनच बोलली. "चांगल्या जाग्यावर सोडून ये गा गुलाब."

मी घरी आले तेव्हा आत्या पडवी झाडत होती. कधी नव्हे ती गुणगुणत होती. तेवढ्यात टेम्पो आला. गुलाबभाऊ हात पुसत आत आला, तंबाखूचा खर्रा तोंडात, चांगला खुशीत. आत्यानं विचारलं, "घर कसं हाये रे तिचं? पपईले फळं हायेत का?"

"कोणाचं घर ताई?"

"शेंडेबाईचं."

"कोण शेंडेबाई?" तो हसत होता अजून. "तुमी काळजी नका करू. जागा एकदम बढिया पाहिली. झाड हाये, पाणी हाये, बाजूले ढाबा हाये मटनाचा, हाडकं भेटते. अन् नदीचा पूल ओलांडून सोडल्या. सोडायच्या आधी पेट्या गरागरा फिरवल्या, म्हणजे दिशा कळत नाही. आता त्या वापस येऊच शकत नाही."

आमच्याकडे नकोशी मांजर अशीच सोडतात. मारायची नाही, पाप लागतं. पोत्यात घालायची, गोल फिरवायची, पाण्यापलीकडे नेऊन मोकळी करायची आणि मागे न बघता यायचं. प्रत्येक घरात कधी ना कधी कोणीतरी हे केलेलं असतं, आणि घरी येऊन एवढंच म्हणतात, "मांजर सोडून आलो." स्टेशनवर पाहुण्याला सोडून येतो, पोरीला सासरी सोडून येतो, तोच शब्द. मी गुलाबभाऊवर ओरडले, जे तोंडात आलं ते बोलले. तो बिचारा भिंतीला टेकला. "एवढ्या ठिकाणी नेल्या, कोणी घेतल्या नाही. आज ताई रडून राहिल्या होत्या. चांगल्या घरी जाऊन राहिल्या असत्या, तर रडल्या कशाले असत्या? मी काय समजाव, तुमीच सांगा!"

आत्यानं झाडू भिंतीला लावला. "त्याले बोलू नको वं. मीच तसं बोलली," म्हणाली, आणि पायात चपला न घालता जाऊन टेम्पोत बसली.

ऊन उतरायच्या आत आम्ही पुलापलीकडे पोचलो. झाड खरंच चांगलं होतं, मोठं कडुलिंबाचं. दोन्ही पेट्या खाली आडव्या होत्या. ताटली चाटून स्वच्छ झालेली, मांजरींनी की कुत्र्यांनी कोण जाणे. एका पेटीत ठकू बसलेली होती. तिला दिसत नसल्यामुळे ती बाहेरच आली नव्हती; लुगड्याच्या तुकड्यावर चारी पाय पोटाखाली घेऊन बसली होती, आणि थरथरत होती. आत्यानं तिला उचलून छातीशी धरलं आणि बाकीच्या दोघांना हाका मारायला सुरुवात केली. "मुन्ने, ये ये ये! पहिलवाना, ये रे बापा!" वर्धा रोडवरून ट्रक धडाधडा जात होते, आणि प्रत्येक ट्रक तिची हाक अर्ध्यात तोडत होता. ट्रक गेला की ती पुन्हा पहिल्यापासून.

ढाबेवाला बाहेर आला. म्हणाला, एक मोठा बोका त्या तुरीच्या वावरात शिरताना पाहिला, मागे कुत्रे होते. "अन् एक लंगडी होती. ती सडक पार करून राहिली होती." एवढं बोलून तो सडकेकडे बघायला लागला. गुलाबभाऊ तिकडे गेला. खाली वाकलेला दिसला, मग कडेच्या नालीत उतरलेला दिसला. परत आला तो सरळ ढाब्याच्या टाकीवर गेला आणि कोपरापर्यंत हात धूत राहिला. आत्या त्याच्याकडे बघत होती.

मग फक्त "पहिलवाना" उरलं. आम्ही तुरीच्या धुऱ्यावरून, बांधाबांधानं चालत राहिलो. तूर आमच्या डोक्याच्या वर गेलेली, आत काहीच दिसत नव्हतं. मला पहिल्या काही हाकांतच कळलं होतं की तो येणार नाही. दात नसलेला बोका, मागे कुत्रे, कसा येणार? पण आत्याला चला म्हणायची माझी छाती झाली नाही. शेवटी तिचा आवाजच बसला. तोंड उघडायची आणि नुसती हवा यायची. तेव्हा ती थांबली आणि फुटक्या आवाजात म्हणाली, "शेंडेबाई वाट पाहून राहिली असंन."

दिवे लागत होते तेव्हा आम्ही ती पाण्याची टाकी शोधली. पपईचं झाड होतं. शेंडेबाई दारातच होती, दुपारपासून आतबाहेर करत होती म्हणे. खोलीत कोपऱ्यात गोणपाट घातलेलं आणि तीन बशा मांडलेल्या. "अन् बाकीच्या?" तिनं विचारलं. मी मान हलवली. तिनं दोन बशा हळूच उचलून फळीवर ठेवल्या. ठकूला खाली सोडलं तर ती भिंतीला घासत घासत खोलीभर फिरली, चूल हुंगली, बाजेचा पाय हुंगला, आणि गोणपाटावर जाऊन बसली. पुढे ती तिथे थंडी सरेपर्यंत जगली, तेवढं सुख तिला लाभलं.

शेंडेबाईनं चहा केला, आलं ठेचून. चौकीदार नवरा कामावर जायच्या तयारीत होता, त्यानं गुलाबभाऊला बिडी दिली. आत्या दाराशी जमिनीवर बसली होती, पायाला वावरातली माती, हातात कपबशी. तिनं खोलीवर एकदा नजर फिरवली आणि त्या बसक्या आवाजात म्हणाली, "शेंडेबाई, मले बी ठेवून घे वं."

"या ना आत्याबाई, या! खुशाल राहा!" शेंडेबाई हसली. तिचा नवरा हसला. गुलाबभाऊही हसला, दुपारपासून पहिल्यांदा. दिवसभराच्या त्या सगळ्यानंतर हसायला मिळालं म्हणून मीही हसले. आत्याही पदर तोंडाला लावून हसली.

सगळ्यांचं हसणं संपलं, तरी ती शेंडेबाईच्या तोंडाकडे बघत होती. शेंडेबाईनं तिच्या हातातली रिकामी कपबशी काढून घेतली आणि उठायला हात दिला. गुलाबभाऊनं टेम्पो सुरू केला.